स्वयंपाकघरासाठी फायर ब्लँकेट: निवडण्याबद्दल आणि वापरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात सिलिंडर आहे, दिवाळीच्या आधी तासन्‌तास तळण चालतं, गणपतीत मोदक तळले जातात, एरवीही रोजची फोडणी असतेच. तरी आग लागली तर हाताशी काय आहे, असं विचारलं की बहुतेक घरांत उत्तर एकच येतं: बादलीभर पाणी. पेटलेल्या तेलासमोर हे सगळ्यांत वाईट उत्तर आहे. फायर ब्लँकेट स्वस्त आहे, जागा खात नाही आणि वापरायला सोपं आहे, पण त्याच्या मर्यादा ठाऊक असल्या तरच त्याचा उपयोग. म्हणून खालच्या उत्तरांत 'कधी वापरू नये' यालाही भरपूर जागा दिली आहे.

फायर ब्लँकेट म्हणजे नेमकं काय? त्याने आग कशी विझते?

काचेच्या बारीक धाग्यांपासून घट्ट विणलेलं, पांढरं किंवा राखाडी, चौकोनी कापड. काही कापडांवर सिलिकॉनचा लेप असतो. काचेचा धागा जळत नाही. हे कापड आगीवर नीट अंथरलं की आगीला मिळणारी हवा तुटते आणि ज्वाळा विझते. कापड स्वतः काहीच थंड करत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ज्वाळा गेली तरी खालचं तेल तितकंच तापलेलं असतं, आणि हवा परत मिळाली की ते पुन्हा पेटू शकतं. ब्लँकेट वापरतानाचे जवळजवळ सगळे नियम याच एका गोष्टीतून येतात.

तेल पेटलं तर पाणी का नको? पाण्याने आग विझतेच की.

लाकूड, कागद, कापड यांची विझते. तेलाची नाही. पेटलेल्या तेलाचं तापमान 300 अंश सेल्सिअसच्या बरंच वर असतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते थेट तळाशी जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. वाफ झाली की पाण्याचं आकारमान साधारण 1700 पट होतं. एका वाटीभर पाण्याची अडीचशे लिटर वाफ. ही वाफ वर येताना सगळं जळतं तेल थेंबाथेंबांनी हवेत उधळते, प्रत्येक थेंबाला चहूकडून हवा मिळते आणि छतापर्यंत आगीचा लोळ उठतो. पडदे, केस, चेहरा, सगळं एका क्षणात त्यात सापडतं. दूध, ताक, आमटी, हाताशी असेल ते ओतणंही तितकंच घातक. निथळतं फडकंसुद्धा नको.

तेल पेटणार आहे हे आधी कळतं का?

हो, आणि सगळ्यांत जास्त अपघात इथेच टळतात. पुऱ्या किंवा चकल्या तळताना तेल साधारण 170 ते 190 अंशांवर असतं. गॅस मोठा ठेवून कोणी फोन घ्यायला गेलं की तापमान चढत राहतं. आधी तेलाच्या पृष्ठभागावर थरथर दिसते, मग कडेने धुराची बारीक रेघ निघते. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलाला हा धूर सुमारे 220 ते 250 अंशांच्या दरम्यान सुटतो. धूर दाट आणि निळसर होतो, वास घशाला झोंबायला लागतो, डोळ्यांत पाणी येतं. त्यानंतरही तापत राहिलं तर साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास तेल आपोआप पेटतं, बाहेरून ठिणगी पडावी लागत नाही.

म्हणजे धूर ते ज्वाळा यांच्यामध्ये थोडा अवधी मिळतो. धूर दिसला की गॅस बंद करायचा, कढई हलवायची नाही, निवू द्यायची. इतकंच. तळणीचं तेल चार-चार वेळा वापरलेलं असेल तर ते आणखी कमी तापमानाला धुरतं. फराळाच्या शेवटच्या घाण्याला म्हणूनच जास्त लक्ष हवं, आणि नेमकं तेव्हाच करणारी दमलेली असते.

कढईवर झाकण टाकलं तरी आग विझते. मग ब्लँकेट कशाला?

झाकण मिळालं तर झाकणच. कढई पूर्ण झाकेल असं धातूचं झाकण किंवा मोठं ताट हे तेलाच्या आगीवरचं सर्वांत चांगलं आणि फुकटचं साधन आहे. तळण सुरू करण्याआधी ते ओट्यावर, हात पोचेल तिथे काढून ठेवा. काचेचं झाकण नको, उष्णतेने तडकू शकतं. पकडायला दांडी किंवा मूठ असली तर उत्तम. परातीच्या काठाला धरावं लागतं आणि बोटं ज्वाळेच्या फार जवळ जातात.

पण कढईत झारा उभा असेल तर झाकण बसत नाही. तेल उतू जाऊन शेगडीवर पसरलं आणि तिथे पेटलं तर झाकून काय झाकणार? ज्वाळा वर आल्या की झाकण घेऊन हात तिथवर नेणंच अवघड होतं. अशा वेळी ब्लँकेट उपयोगी पडतं. ते तुमच्या आणि आगीच्या मधे पडद्यासारखं धरता येतं आणि कढईसकट शेगडीही झाकतं. शिवाय माणसाच्या कपड्यांनी पेट घेतला तर झाकण काही कामाचं नाही.

कोणत्या मापाचं घ्यावं?

बाजारात 1 मीटर बाय 1 मीटर हे सर्वांत सहज मिळतं. दोन बर्नरची शेगडी आणि घरगुती कढई यांना ते पुरतं, पण जेमतेम. चारही कडा कढईच्या बाहेर भरपूर लोंबायला हव्यात, तरच हवा तुटते. तीन-चार बर्नरची शेगडी असेल किंवा मोठी कढई वापरात असेल तर 1.2 बाय 1.2 मीटर घ्या. माझ्या मते मराठी घरांसाठी हेच माप योग्य, कारण आपल्या कढया पसरट असतात. 1.2 बाय 1.8 किंवा 1.8 बाय 1.8 मीटरचं ब्लँकेट माणसाला गुंडाळायला चांगलं, पण ओट्यासमोरच्या अरुंद जागेत ते उलगडताना पायांत येतं. उंची कमी असलेल्या व्यक्तीला तर ते सावरतच नाही. घरात स्वयंपाक मुख्यतः कोण करतं, त्या व्यक्तीच्या हाताला पेलेल ते माप घ्या.

ऑनलाइन शेकडो प्रकार दिसतात. चांगलं कसं ओळखायचं?

पहिली गोष्ट, पाकिटावर आणि कापडावर मानकाचा उल्लेख. युरोपातलं मानक ईएन 1869 आहे, ब्रिटनमध्ये ते बीएस ईएन 1869:2019 असं लिहिलेलं दिसतं; ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं एएस/एनझेडएस 3504. ईएन 1869 च्या चाचणीत पेटलेल्या तेलाच्या भांड्यावर ब्लँकेट टाकून पाहतात. नुसतं 'सर्टिफाइड' किंवा 'फायरप्रूफ' एवढंच छापलेलं असेल आणि मानकाचा क्रमांक कुठेच नसेल तर पुढच्या वस्तूकडे वळा.

याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचण्यांत बाजारातली बरीच ब्लँकेटं तेलाच्या आगीवर टिकली नाहीत. विरळ विणीतून तापलेल्या तेलाची वाफ वर येते आणि कापडाच्या वरच्या बाजूला पेटते, शिवाय कापड तेलात बुडालं तर ते तेल शोषून घेतं. त्यानंतर तिथे ब्लँकेटवर तेल-चरबीच्या आगीसाठी वापरू नये, अशी सूचना छापली जाऊ लागली. तेव्हा विकत घेताना उत्पादकाने स्वतः काय लिहिलं आहे ते वाचा. 'कुकिंग ऑइल'च्या आगीसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते स्वयंपाकघरासाठी. तसं नसेल तर ते कपडे, पडदा, कचऱ्याचा डबा यांच्यापुरतं धरा.

दुसरी गोष्ट कापड. उजेडासमोर धरल्यावर विणीतून बारीक छिद्रांची जाळी दिसत असेल तर ते घेऊ नका. वजन प्रति चौरस मीटर 400 ग्रॅमच्या पुढे असलेलं बरं, 430 ग्रॅमचं कापड सर्रास मिळतं. लेप असलेलं कापड तेलाची वाफ जास्त चांगली अडवतं आणि हातालाही कमी खाजतं.

तिसरी गोष्ट पाकीट. खाली लोंबणाऱ्या दोन पट्ट्या एकदम ओढल्या की ब्लँकेट सरळ हातात आलं पाहिजे. चेन, बटण किंवा चिकटपट्टी उघडावी लागणारं पाकीट घाबरलेल्या माणसाच्या कामाचं नाही. किंमत साधारणपणे काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत असते. फार स्वस्त दिसलं की आधी वजन आणि मानक पाहा.

घरात कुठे लावायचं?

शेगडीच्या वर नाही. शेगडीच्या मागच्या भिंतीवरही नाही. आग लागल्यावर ज्वाळांमधून हात घालून ब्लँकेट काढायची वेळ येऊ नये. स्वयंपाकघराच्या दाराजवळ, छातीच्या उंचीवर, उघड्या भिंतीवर लावा, म्हणजे ब्लँकेट घेताना तुमची पाठ बाहेर पडण्याच्या वाटेकडे राहील. छोट्या फ्लॅटमध्ये आत जागा नसेल तर दाराच्या बाहेरच्या बाजूला, पॅसेजमध्ये लावलं तरी चालतं. उलट ते जास्त बरं.

ट्रॉलीच्या आत, फ्रिजच्या वर, माळ्यावर, 'दिसायला बरं नाही' म्हणून कॅलेंडरमागे, यांतलं काहीही नको. चिकटवायच्या हुकावरही भरवसा ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या टाइलवर तेलकट थर असतो, हुक सुटतो, आणि पट्ट्या ओढल्यावर पाकीटच खाली येतं. ड्रिलने भोक पाडून, रावलप्लग घालून दोन स्क्रू लावा.

प्रत्यक्ष कढई पेटली. आता काय करायचं, क्रमाने सांगा.

आधी मोठ्याने ओरडा, 'आग लागली, बाहेर व्हा!' लाजू नका. घरातल्या मुलांना आणि वयस्कर माणसांना तेवढ्यात दाराकडे जाता येतं, आणि कोणीतरी 101 किंवा 112 ला फोन लावू शकतं.

नॉबपर्यंत हात ज्वाळेतून न नेता पोचत असेल तर गॅस बंद करा. पोचत नसेल तर हट्ट धरू नका, आधी ब्लँकेट.

पट्ट्या खाली ओढा, ब्लँकेट झटकून उघडा. पट्ट्या ज्या कडेला आहेत ती वरची कड. आता सर्वांत महत्त्वाची कृती: वरचे दोन्ही कोपरे हातांवर बाहेरून आत गुंडाळा, म्हणजे बोटं, पंजे आणि मनगटं कापडाच्या मागे लपतील. पंजे तुमच्याकडे वळलेले, कापड त्यांच्यापुढे. हात उघडे ठेवून ब्लँकेट टाकायला गेलं की चटका बसतो, माणूस प्रतिक्षिप्तपणे हात मागे घेतो आणि ब्लँकेट अर्धवट पडतं.

पदर किंवा ओढणी कमरेला खोचा. ब्लँकेट चेहऱ्यासमोर ढालीसारखं धरून पुढे जा, कडेवरून जेमतेम दिसेल इतकंच. ते फेकायचं नाही, हे शंभरदा सांगावंसं वाटतं. फेकलं तर वाऱ्याने ज्वाळा भडकते, तेल हिंदकळतं आणि ब्लँकेट पलीकडे जाऊन पडतं. खालची कड आधी कढईच्या तुमच्याकडच्या बाजूला टेकवा आणि मग तुमच्यापासून लांब, भिंतीच्या दिशेने हळूच अंथरत जा. अशाने ज्वाळा तुमच्या अंगावर न येता मागे ढकलली जाते. कापड तेलात बुडेल असं दाबू नका, कढईच्या काठावर टेकून चहूबाजूंनी लोंबू द्या. कडेने कुठे धूर किंवा ज्वाळा निघत असेल तर तेवढी बाजू खाली ओढून फट बुजवा.

गॅस अजून चालू असेल तर आता बंद करा: आधी शेगडीचा नॉब, मग सिलिंडरचा रेग्युलेटर. पाइप गॅस असेल तर स्वयंपाकघरातला वॉल्व्ह. मग बाहेर पडा आणि दार ओढून घ्या.

ब्लँकेट किती वेळाने काढायचं?

अर्धा तास तरी हातही लावू नका, मोठ्या कढईला त्याहून जास्त वेळ द्या. 'विझली का बघू' म्हणून कोपरा उचलणं ही नेहमीची चूक. खाली तेल पेटायच्या तापमानालाच असतं, हवा मिळाली की भपकन ज्वाळा तोंडावर येते. कढई उचलून मोरीत किंवा गॅलरीत नेण्याचा विचारसुद्धा नको. जळतं तेल चालताना हातांवर आणि पायांवर सांडतं. आग विझल्यासारखी वाटली तरी अग्निशमन दलाला येऊ द्या, चिमणीच्या आत किंवा ट्रॉलीच्या मागे काही धुमसत नाही ना, हे ते पाहतात.

कधी ब्लँकेटचा नाद सोडून सरळ बाहेर पडायचं?

आग एका भांड्यापलीकडे गेली, म्हणजे भिंतीवरचं कपाट, पडदा, चिमणी यांनी पेट घेतला, की बाहेर. धुराने खोकला येत असेल, दिसेनासं झालं असेल, की बाहेर. तुमच्या आणि दाराच्या मधे आग असण्याची शक्यता असेल तर मुळात पुढे जाऊच नका. एकदा ब्लँकेट टाकूनही आग धुमसत वर येत असेल तर दुसरा प्रयत्न नाही. दार बंद करून घ्या, बंद दाराने आगीला नवी हवा मिळत नाही आणि धूर आतच अडतो. इमारतीत लिफ्ट न वापरता जिन्याने उतरा. शेजाऱ्यांची दारं वाजवत जा.

सिलिंडरच्या तोंडाशी किंवा गॅसच्या नळीला आग लागली तर ब्लँकेट टाकू का?

इथे फार जपून. गॅसची ज्वाळा नुसती विझवली आणि गॅस सुरूच राहिला, तर न जळलेला गॅस खोलीत साठतो. स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत, ओट्याखाली पसरतो आणि फ्रिजच्या एखाद्या ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून गॅसच्या आगीत खरं काम एकच: गॅसचा पुरवठा बंद करणं. रेग्युलेटरपर्यंत सुरक्षितपणे हात पोचत असेल तर तो बंद करा, ज्वाळा आपोआप विझेल. ज्वाळा रेग्युलेटरवरच असेल किंवा सिलिंडरच्या अंगाला चाटत असेल तर घर रिकामं करा आणि 101 ला फोन करा. गॅस एजन्सीच्या किंवा अग्निशमन दलाच्या प्रात्यक्षिकात जवान जळत्या सिलिंडरवर कापड टाकून वॉल्व्ह बंद करताना दिसतात. त्यांना त्याचं प्रशिक्षण असतं आणि ते उघड्या मैदानात करतात. ते पाहून घरात करून बघू नका.

नुसता गॅसचा वास येतोय, आग नाही. मग?

ब्लँकेटचं काम नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही. एक्झॉस्ट फॅनचंही नाही, बेलही नाही. बाहेर जाऊन मग फोन करा. एलपीजी गळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालतो. केशरी रंगाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर छापलेली तारीख आजच बघून घ्या.

कपड्यांनी पेट घेतला तर?

धावायचं नाही, धावल्याने वारा लागून आग वाढते. उभंही राहायचं नाही, कारण ज्वाळा वरच्या दिशेने चेहऱ्याकडे आणि केसांकडे जातात. आहे तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं, चेहरा हातांनी झाकायचा आणि लोळायचं. दुसरं कोणी असेल तर त्याने ब्लँकेट खांद्यापासून पायांकडे लपेटावं, डोकं आणि चेहरा मोकळा ठेवून. चेहऱ्यावरून घेतलं तर धूर आणि गरम हवा आतच कोंडते. फायर ब्लँकेट हाताशी नसेल तर जाड सुती चादर किंवा घोंगडी चालेल, नायलॉन किंवा पॉलिस्टरचं पांघरूण नाही.

ज्वाळा विझल्या की ब्लँकेट लगेच काढा, नाहीतर उष्णता आत राहून भाजणं चालूच राहतं. भाजलेल्या भागावर नळाचं साधं वाहतं पाणी पूर्ण 20 मिनिटं सोडा. हे 20 मिनिटांचं पाणी डाग, वेदना आणि पुढच्या शस्त्रक्रिया यांत खूप फरक पाडतं, म्हणून दोन मिनिटांत आटोपतं घेऊ नका. मात्र बरंच अंग भाजलं असेल किंवा लहान मूल असेल तर बाकीचं अंग पांघरुणाने ऊबदार ठेवा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सूज यायच्या आत काढा. गाऊनचं किंवा साडीचं कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतालचं कापून घ्या. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काहीही लावू नका. डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि त्या माणसाचे हाल होतात. स्वच्छ कापडाने सैल झाकून 108 ला फोन करा. चेहरा, हात, सांधे किंवा तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल तर घरगुती उपचारात वेळ घालवू नका. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारखी भाजलेल्यांसाठीची खास रुग्णालयं आहेत. तुमच्या जवळचा बर्न वॉर्ड कुठे आहे, हे आधीच माहीत असू द्या.

मायक्रोवेव्ह, मिक्सर, चिमणी, स्कूटरची बॅटरी?

मायक्रोवेव्ह आणि ओव्हन: दार उघडायचं नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं, आतली हवा संपली की आग विझते. मिक्सर किंवा टोस्टर: आधी बटण बंद, मग ब्लँकेट टाकलं तरी चालेल. चिमणीच्या जाळीत साचलेलं तेल पेटलं तर ब्लँकेट तिथे बसतच नाही, चिमणी आणि गॅस बंद करून बाहेर पडा. (ती जाळी महिन्या-दोन महिन्यांनी गरम पाणी आणि सोड्याने धुतली तर ही वेळच येत नाही.) ई-स्कूटरच्या लिथियम बॅटरीवर स्वयंपाकघरातलं ब्लँकेट टाकू नका. त्या बॅटरीला जळायला बाहेरच्या हवेची फारशी गरज लागत नाही, आणि तिचा धूर विषारी असतो.

ब्लँकेट घ्यावं की फायर एक्स्टिंग्विशर?

एकच घ्यायचं झालं तर स्वयंपाकघरासाठी ब्लँकेट, आणि जमलं तर दोन्ही. आपल्याकडे सहज मिळणारा एबीसी पावडरचा सिलिंडर पडदा, कागद, विजेची वस्तू यांच्यासाठी उत्तम आहे. पण खोल कढईतल्या तेलावर त्याचा जोराचा फवारा जवळून मारला तर जळतं तेल बाहेर उडू शकतं. तेलाच्या आगीसाठी वेगळा 'वेट केमिकल' प्रकार असतो. त्याच्यावर क्लास एफ किंवा अमेरिकन पद्धतीने क्लास के असं लिहिलेलं असतं. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तो असतो. एक्स्टिंग्विशर घेतलात तर आयएसआय खूण आणि आयएस 15683 हा क्रमांक पाहा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हेही अधूनमधून पाहायला हवं. ब्लँकेटला यांतलं काही लागत नाही.

ओलं गोणपाट, ओला टॉवेल, पीठ, खाण्याचा सोडा?

पीठ कधीच नको, पिठाची धूळ स्वतःच भडकते. साखरेचंही तेच. खाण्याचा सोडा फोडणीच्या कढल्यातल्या छोट्याशा ज्वाळेवर चालतो, पण कढईला किलोभर लागेल, तेवढा कोणाकडे असतो? ओलं गोणपाट जुन्या पिढीने पाहिलेलं आहे, पण त्यातून ठिबकणारं पाणी तेलात पडलं तर वर सांगितलेला वाफेचा प्रकार होतो. फोडणीने क्षणभर पेट घेतला तर गॅस बंद आणि वर ताटली, एवढंच पुरे.

वापरलेलं ब्लँकेट धुऊन परत ठेवता येतं का? ते किती वर्षं टिकतं?

नाही. आगीवर एकदा वापरलं की टाकून द्या, वरून धडधाकट दिसलं तरी. आत तेल मुरलेलं असतं आणि विण सैल झालेली असते. न वापरलेलंही धुवायचं नाही. पाकिटावर मुदत लिहिलेली असेल तर ती पाळा. नसेल तर वर्षातून एकदा बाहेर काढून भोक, चीर, तेलाचा डाग, उंदराने कुरतडलेलं काही नाही ना, हे पाहा आणि घडी आधी होती तशीच परत घाला. हात खाजत असतील तर ते काचेचे तंतू आहेत. घडी घालताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

तारीख लक्षात राहत नसेल तर 14 एप्रिल धरा. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' जहाजावरची आग विझवताना स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे अनेक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात घरातलं ब्लँकेट, नळीची तारीख आणि सोसायटीच्या जिन्यातला अडगळीचा पसारा, तिन्ही एकदम तपासून टाका.

घरात कोणाकोणाला शिकवायचं?

शेगडीपाशी जो कोणी उभा राहतो त्या प्रत्येकाला. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना तर सर्वांत आधी, कारण अनेक घरांत दिवसाचं तळण त्याच करतात आणि ब्लँकेट भिंतीवर कशासाठी लटकलंय हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना हेही स्पष्ट सांगा की, 'मावशी, आग लागली तर घर वाचवायला थांबू नका, आधी तुम्ही बाहेर पडा.' नोकरीच्या भीतीने माणसं थांबतात.

सराव खऱ्या ब्लँकेटने नको. तेवढ्याच मापाचा जुना टॉवेल घ्या, बंद शेगडीवर रिकामी कढई ठेवा, हातांवर कोपरे गुंडाळा, टेकवा, अंथरा. दोन-तीनदा केलं की हाताला वळण लागतं. कोपरे गुंडाळणं सगळेच पहिल्यांदा विसरतात, तिथे थांबवून पुन्हा करायला लावा. मुलांना ब्लँकेट वापरायला शिकवू नका. त्यांना ओरडणं, बाहेर पळणं आणि 101 व 112 हे क्रमांक शिकवा, घराच्या पत्त्यासकट.

मुलगी शिकायला लंडनला आहे, तिथल्या घरात लाल डबीत ब्लँकेट दिसलं. तिने काय लक्षात ठेवावं?

ब्रिटनमध्ये अनेक जण मिळून भाड्याने राहतात अशा घरांच्या सामायिक स्वयंपाकघरात बऱ्याच ठिकाणी घरमालकाला ब्लँकेट ठेवावं लागतं. तिने डबीवर ईएन 1869 लिहिलंय का आणि पट्ट्या बाहेर लोंबताहेत का, हे पाहावं. फोन 999. अमेरिकेत 911, ऑस्ट्रेलियात 000. तिथल्या विजेच्या शेगडीची कॉइल बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून झाकण किंवा ब्लँकेट आणखी जास्त वेळ ठेवावं लागतं. आणि तळताना स्मोक अलार्म वाजतो म्हणून त्यावर पिशवी बांधायची सवय लागली असेल तर ती पिशवी आजच काढायला सांगा. एखाद्या जुन्या घरात फार जुनं, जाडंभरडं, मळकट पांढरं ब्लँकेट सापडलं तर ते उलगडू नये. पूर्वी ही ब्लँकेटं अ‍ॅस्बेस्टॉसची बनवत, आणि झटकल्यावर उडणारे त्याचे तंतू फुप्फुसांत जातात. घरमालकाला कळवून ते त्यांच्याकडूनच हलवून घ्यावं.